अप्पांचं थांबणं

माझी वहिनी व्हिडिओ प्लेअर बनवते. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे दुकान आहे का? दुकान कसलं डोंबलाचं. शाळेतली मुलं मोबाइलवर धडे बघतात, त्या धड्याखाली पुढे सरकणारी रेघ असते, थांबवायचं बटण असतं, वेग कमीजास्त करायची सोय असते. ते सगळं ती आणि तिच्या ऑफिसातली चार डोकी मिळून करतात. शिकवणारा सगळ्यांना दिसतो, प्लेअर कुणाला दिसत नाही. दिसला तर समजायचं, काहीतरी बिघडलंय. वहिनीही त्यातलीच. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा कितीतरी दिवस मला तिचा आवाजच धड माहीत नव्हता.

अप्पांशी मात्र तिचं चटकन जमलं. अप्पा म्हणजे माझे वडील, गणिताचे मास्तर. त्यांची शिकवायची एक रीत होती. फळ्यावर गणित मांडायचं, प्रश्न विचारायचा आणि गप्प उभं राहायचं. मुलं चुळबुळ करत, छताकडे बघत, शेवटी नाइलाजाने वहीत आकडे मांडायला लागत, तरी हे गप्प. मुलांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. तिथे काही उजळलेलं दिसल्याशिवाय खडू पुढे सरकत नसे. घरीही तेच. आई म्हणायची, "यांना काही विचारलं की वाट बघून बघून मीच उत्तर देते, आणि हे नुसती मान हलवतात."

मग त्यांना गळ्याचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं कायमचं जाईल. वहिनीने समोरच्या खोलीत फळा टांगला, कॅमेरा लावला आणि ऑपरेशनच्या आधी अपूर्णांकांपासून भूमितीपर्यंत सगळं त्यांच्याकडून शिकवून घेतलं. दादा कामासाठी परगावी, म्हणून मी चहापाणी बघायला. अप्पांचा आवाज बसत चालला होता, मधेच घसा धरून उभे राहायचे.

"अप्पा, आज राहू द्या," वहिनी म्हणायची.

"उद्या आवाज असेल याची हमी तू देतेस का? लाव तो कॅमेरा."

प्रश्न विचारला की ते कॅमेऱ्यामागे बसलेल्या वहिनीकडे बघत थांबायचे. तिच्या चेहऱ्यावरून तिला उत्तर आलं असं दिसलं की मगच फळ्याकडे वळायचे. ते धडे कंपनीच्या प्लेअरवर चढले आणि अप्पा दवाखान्यात गेले.

त्यांची जखम भरत होती त्या काळात कंपनीत वेगळीच ओरड सुरू झाली. मुलं धडे अर्धवट सोडून जातात. वहिनीने शोधून काढलं की शिक्षक फळा पुसतात, पाणी पितात, कागद चाळतात, नेमकी तिथे मुलं पळतात. तिने एक प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर आवाजाची रेघ जिथे सपाट होईल, म्हणजे शिक्षक बोलत नसेल, तिथला तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची. फाइल हलकी, इंटरनेट कमी लागणार, साध्या मोबाइलवरही धडा सुरळीत चालणार. जुन्या फायली जागा अडवतात म्हणून नवी तयार झाली की जुनी आपोआप पुसली जाईल, ही सोयही तिचीच. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. सगळ्या शिक्षकांच्या सगळ्या धड्यांवरून तो प्रोग्रॅम फिरला. त्यात अप्पा आहेत हे तिला माहीत होतं. पण सपाट रेघ कुणाचीही सारखीच दिसते, आणि कामाच्या घाईत तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही.

अप्पा घरी आले ते गळ्याला फडकं आणि हातात पाटी घेऊन. आपला गेलेला आवाज ऐकायचा त्यांना बरेच दिवस धीर झाला नाही. एका दुपारी त्यांनीच खूण केली आणि मी धडा लावून दिला.

"पाऊण भागातून अर्धा काढला तर काय उरेल? पाव. आता हे बघा. पाव भागातून एक अष्टमांश काढला तर? एक अष्टमांश. पुढे."

फळ्यावरचा हात झटक्यासरशी इथून तिथे जायचा. प्रश्न संपायच्या आत उत्तर. खाली मुलांनी लिहिलं होतं, सर फार पळतात. विचार करायला वेळच देत नाहीत. अप्पांनी एकामागून एक धडे लावले. मग पाटीवर लिहिलं, "मी असाच शिकवत होतो?"

मी आपलं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. वहिनी ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकघरात तिला सांगितलं, तर तिने तिथेच मोबाइलवर तो धडा लावला आणि पहिल्याच प्रश्नाशी बंद केला. काय झालंय ते तिला पुरतं कळलं होतं.

त्यानंतर ती वेड्यासारखी शोधत सुटली. कंपनीचे सगळे सर्व्हर पालथे घातले. कॅमेऱ्याचं कार्ड नंतर दुसऱ्याच कामाला वापरलं गेलं होतं. माझ्या मोबाइलमध्ये, दादाच्या जुन्या संगणकात, कुठे म्हणून काही नव्हतं. तिने पुसायची सोय अगदी चोख केली होती. साहेब म्हणाले, "आता मुलं धडा शेवटपर्यंत बघतायत ना? मग कशाला उकरून काढता?" तिचं जेवणावरून लक्ष उडालं. मी म्हटलं, जाऊन सांगून टाक त्यांना. म्हणाली, "ताई, काय सांगू? आवाज आजाराने नेला आणि राहिलेलं मी कापलं, असं सांगू?" मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू, आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

अशात अप्पांचा एक जुना विद्यार्थी त्यांना भेटायला आला. डोक्यावरचे केस विरळ झालेला बँकेतला कारकून. अप्पांनी त्याला पाटी दाखवली. "मी तुम्हां मुलांना फार घाई केली. माफ कर." तो बिचारा गोंधळला. "सर, तुम्ही? तुमच्यासमोर तर आम्ही ताटकळायचो," म्हणाला. अप्पांना वाटलं, हा आपलं मन राखतोय. त्यांनी पाटी पुसली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. वहिनी दारात उभी होती. तो गेल्याबरोबर ती अप्पांच्या पायाशी बसली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

अप्पांनी पुसलेली पाटी पुन्हा मांडीवर घेतली. मग लिहिलं, "म्हणजे मी थांबत होतो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, ती मला बघवेना.

वहिनीने हार मानली नाही. धडे लावायचे, जिथे थांबले होते तिथे अप्पांनी कळ दाबायची, पुढे जायचं तेव्हा पुन्हा दाबायची. त्या खुणांवरून प्लेअरला सांगितलं, इथे थांब, एवढा वेळ थांब. आठवडाभर दोघं त्यालाच जुंपलेले. धडे पुन्हा चढवले आणि नव्या तक्रारी आल्या. या सरांचा व्हिडिओ अडकतो. नेट चांगलं असूनही अडकतो. मुलं रेघ ओढून पुढे जात होती. कारण थांबल्यावर पडद्यावर राहायचं काय, तर डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं, हात हवेत लटकलेला, असे अप्पा. साहेबांनी बजावलं, हे दुरुस्त करा, नाहीतर हे धडेच काढून टाकू.

वहिनीने लॅपटॉप अप्पांसमोर ठेवला आणि हात टेकले. "अप्पा, माझ्याने होत नाही. तुम्ही थांबलेले होतात ते चित्रच माझ्याकडे नाही. कुठून आणू?"

अप्पांनी तक्रारी शांतपणे वाचल्या. पाटीवर लिहिलं, "मुलांचं बरोबर आहे. हा थांबलेला मास्तर नाही, बंद पडलेला आहे." मग काठी टेकत समोरच्या खोलीत गेले. फळ्यावर पहिल्या धड्यातलं पहिलं गणित मांडलं, गळ्याचं फडकं सारखं केलं आणि तिला कॅमेरा लावायची खूण केली.

"अप्पा, पण आता आवाज कुठून..." वहिनीने विचारलं.

त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलं, "प्रश्न जुन्या धड्यातला घे. थांबायला आवाज लागत नाही. तेवढं मला अजून येतं." ते पुसून टाकलं आणि तिच्याकडे वळले.

वहिनीने कॅमेरा सुरू केला. अप्पा खडू हातात धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. तिचे डोळे वाहत होते, पण तिने कॅमेरा थांबवायच्या बटणाला हात लावला नाही.