हेल्मेटबाहेरची शेंडी

प्रिय नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा मुद्दामच दिलं नाही. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी धाकट्याला सांगितलं होतं की तुझा उजवा कान डाव्यापेक्षा जरा पुढे आहे, म्हणून चष्म्याची एक काडी वेगळी वाकवावी लागेल. ते ऐकून ताईने एक जुना फोटो शोधून काढला आणि स्क्रीनसमोर धरला. फोटोत सात-आठ महिन्यांचं बाळ, डोक्यावर निळं हेल्मेट, आणि हेल्मेटच्या माथ्यावरच्या गोल भोकातून वर आलेली केसांची शेंडी. "आजी, हा लहानपणी डोक्यावर पडला होता ना?" असं ताईने विचारलं. धाकटा हसला नाही. "माझ्या डोक्यात काही बिघडलंय का?" असं तो हळूच म्हणाला.

बिघडलेलं नाही. तेव्हाही नव्हतं. पण एवढ्याने त्याचं समाधान होणार नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तुमच्या आईला हे सगळं सांगताना अजून रडू येतं आणि आजोबांना त्यातले फक्त विनोद आठवतात. क्रमाने आठवतं ते मला. इतके रविवार मी तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं, त्याचा आता उपयोग होऊ दे. अडेल तो शब्द आईला विचारा.

धाकट्या, तुझा जन्म नाशिकचा, दिवाळीच्या थोडा आधीचा. बाबाला परदेशात नवी नोकरी लागली होती, राहायला घर मिळायचं होतं, म्हणून आई तुम्हा दोघांना घेऊन वर्षभर माझ्याकडे राहिली. ताई तेव्हा चार वर्षांची होती. तू गुणी बाळ होतास, पण मान सदा उजवीकडे. आम्ही पाळणा फिरवून ठेवला, खुळखुळा डावीकडून वाजवला, आयुष्यभर वर्गात इंग्रजी कविता शिकवलेली मी डावीकडे उभी राहून चिऊकाऊची गाणी म्हणू लागले. तुझे डोळे डावीकडे येत, मान येत नसे. दुसऱ्या महिन्यात आंघोळ घालताना माझ्या तळहाताला कळलं की डोकं मागून उजव्या बाजूला सपाट आहे. वरून पाहिलं तर उजवा कान आणि कपाळाची उजवी बाजू पुढे सरकल्यासारखी दिसे.

बघायला येणाऱ्या बायकांना ते आमच्या आधीच दिसलं असावं. हळूहळू त्या बोलूही लागल्या.

"एकाच कुशीवर निजवलं असेल."

"मोहरीची उशी नव्हती का दिली? आमच्या पोरांची डोकी बघा कशी, नारळासारखी."

"हल्लीच्या आया एका हातात बाळ आणि एका हातात मोबाइल."

तुमची आई चहाचे कप उचलून आत जाई, आणि चार कप विसळायला तिला फार वेळ लागे.

मुलांच्या डॉक्टरांनी तुला तपासलं तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले. पोटातच अवघडून राहिल्यामुळे मानेचा एक स्नायू आखडला आहे, म्हणून हा एकाच बाजूवर डोकं टेकतो, यात कोणाचीही हयगय नाही, असं ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं, तुमच्या आईला नीट ऐकू जावं म्हणून. झोपवायचं उताणंच, उशी कोणतीच नको, जागेपणी मात्र पालथं ठेवायचं आणि मानेचे व्यायाम रोज करून घ्यायचे.

व्यायामाने मान मोकळी झाली. बहुतेक बाळांचं डोकंही एवढ्यानेच हळूहळू सुधारतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तुझं सुधारलं, पण पुरेसं नाही. पाच महिने उलटल्यावर त्यांनी आम्हाला मुंबईच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तुझ्या डोक्यावर मोज्यासारखी तंग टोपी चढवली आणि कॅमेऱ्याने चारी बाजूंनी डोक्याचा आकार टिपला. त्यावरून हेल्मेट तयार झालं. माझी समजूत होती की ते डोकं दाबून गोल करतं. बाईंनी मला ते उलटं करून आतून दाखवलं. पुढे आलेल्या जागी आतला फोम नुसता टेकत होता, आणि सपाट जागी मोकळी पोकळी सोडली होती. बाळाचं डोकं वाढतच असतं, जिथे जागा मिळेल तिथे ते भरून येतं, इतकी साधी गोष्ट. फक्त ही वाढ पहिल्या वर्षात भराभर होते, मग मंदावते आणि हाड घट्ट होतं. म्हणून हेल्मेट दिवसरात्र घालायचं. सुट्टी काय ती आंघोळीच्या वेळी, तासभर.

मला ते पटलं आणि मी घरात तसं जाहीर केलं. आजोबा म्हणाले, "नाशिकची हेल्मेटसक्ती पाळण्यापर्यंत आली म्हणायची." दर दोन-तीन आठवड्यांनी मुंबईला दाखवायला जाताना आम्ही इगतपुरीला चहाला थांबायचो, तिथला चहावाला तुला बघून आजोबांना विचारायचा, "काका, गाडी कोण चालवतंय, हा का तुम्ही?" ताईने हेल्मेटवर चांदण्यांचे स्टिकर चिकटवले. तू दोन दिवस कुरकुरलास आणि तिसऱ्या दिवशी विसरलास. मोकळ्या तासाला मात्र घरात रांग लागे. प्रत्येकाला तुझ्या डोक्याचा वास घ्यायचा असे. मी त्या तासाच्या वाटण्या करून दिल्या होत्या आणि आजोबा त्यातही घुसखोरी करायचे.

पहिल्या महिन्यात फरक दिसला. मग मे महिना आला.

तुझं जावळ फार दाट होतं, कुरळं आणि काळंभोर. एके दिवशी आंघोळीला हेल्मेट काढलं तर मागे घामोळं उठलेलं, दोन ठिकाणी कातडी लाल होऊन ओली झालेली. आईने फोटो मुंबईला पाठवला. डॉक्टरबाईंचा फोन आला: त्वचा बरी होईपर्यंत हेल्मेट काढून ठेवा, आणि केस अगदी बारीक करा. या उन्हाळ्यात इतक्या केसांवर हेल्मेट चालणार नाही.

केस बारीक करणं एवढं सोपं नव्हतं. बाबाची आई, तुमची कळवणची आजी, तिने नवस बोलला होता: बाळ सुखरूप आलं तर वर्ष पुरं झाल्यावर त्याचं जावळ सप्तशृंगीच्या गडावर देईन. त्यांच्या घरात गडावर गेल्याशिवाय बाळाच्या केसांना कोणी हात लावत नाही. ताईचंही तसंच झालं होतं. बाबा रजेवर येणार दिवाळीत, तोवर जावळ राखायचं होतं.

घामोळं चार-पाच दिवसांत बसलं, पण हेल्मेट टेबलावरच राहिलं. तुमची आई त्याला हात लावीना. मग एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "राहू दे आई. निम्मं झालंय ना, बस झालं. केस वाढले की झाकलं जाईल."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि आपल्या टकलावरून हात फिरवला. "तुझ्या भावाला तिशीत पडलं, मला पस्तिशीत. हा कुठल्या केसांनी झाकणार आहे?"

ती हसली नाही. "आत्यांना मी काय सांगू? तुमचा नवस मोडला म्हणून?" सासूला ती आत्या म्हणते, त्यांच्याकडची तशी रीत आहे. "आधीच सगळे म्हणतात डोकं माझ्यामुळे बिघडलं. आता देवीचंही माझ्यामुळेच मोडायचं?"

मला तेव्हा कळलं की केसांपेक्षा हे मोठं आहे. सपाट बाजूचा दोष तिने गुपचूप आपल्याकडे घेऊन ठेवला होता, आणि नवसाचा दुसरा दोष उचलायची तिची ताकद नव्हती. इकडे तुझं डोकं तर कोणासाठी थांबणार नव्हतं. मी कळवणला फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही या. तुमच्याशिवाय अडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती आली, पिशवीत बाजरीचं पीठ आणि शेतातल्या शेवग्याच्या शेंगा. तोवर फोनवर तुमच्या आईने तिला "टोपी लावतो" एवढंच सांगितलं होतं. टेबलावरचं हेल्मेट तिने दोन्ही हातांनी उचललं.

"ही टोपी? अगं, ही तर फटफटीवरची हाय!"

"आत्या, ते डॉक्टरांनी..."

"थांब. मॅडम सांगतील. त्यांना सांगायची सवय हाय."

मी सांगितलं. मला डॉक्टरबाईंनी जसं दाखवलं तसंच, उलटं धरून, आतली पोकळी दाखवून. तुला तिच्या मांडीवर दिलं आणि तिचा हात तुझ्या डोक्याच्या मागे नेला. तिने डोळे मिटून चाचपलं, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"लय दाबलेलं होतं का आधी?"

"याच्या दुप्पट."

"आन आता थांबवलं तर?"

"तर एवढंच राहील. वर्ष झाल्यावर फारसं काही होत नाही."

तिने तुझ्या जावळातून हात फिरवला. तुमची आई दारात उभी होती. मी नवसाबद्दल एक शब्द बोलले नाही. नवस तिचा होता, त्याचं काय करायचं ते तिनेच ठरवायला हवं होतं. तिने हेल्मेट पुन्हा घेतलं आणि माथ्यावरच्या भोकात बोट घातलं.

"हे कशाला?"

"वारा लागायला."

"बरोबर टाळूवर येतं?"

"टाळूवरच."

"मंग झालं की! टाळूवरले ठेवा, बाकीचे काढा. बांधावरलं गवत कापलं म्हंजे पीक कापलं असं व्हतं का?" मग दाराकडे बघून, "आन तू काय उभी राहिली रडत? नवस मी बोलले, देवीला मी सांगीन. तुझा काय संबंध? कातर आण."

तुमची आई कातर आणायला गेली ती खरंच रडत गेली, पण या वेळी चेहरा लपवून नाही.

वस्तरा गडावरच लागेल, इथे लावायचा नाही, हे कळवणच्या आजीनेच बजावलं. माझी भरतकामाची छोटी कातर होती, त्या कातरीने मी केस कापले. तू कळवणच्या आजीच्या मांडीवर, तिचा एक हात तुझ्या हनुवटीखाली, आणि ताई समोर स्टीलची वाटी वाजवत होती. टाळूवरचा झुपका तेवढा सोडला. कापलेले केस तिने स्वच्छ रुमालात बांधून स्वतःच्या पिशवीत ठेवले. गडावर शेंडीबरोबर हेही देणार, म्हणजे देवीचं काही कमी पडायला नको. मी मुंबईला फोन करून शेंडी चालेल का विचारलं. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, भोकातून बाहेर राहत असेल तर खुशाल ठेवा.

त्याच दुपारी हेल्मेट चढवलं. शेंडी भोकातून वर आली, कांद्याच्या पातीसारखी. तो फोटो आजोबांनी तेव्हाच काढला. फोटोत तुझ्या हनुवटीखाली जो हिरव्या बांगड्यांचा हात दिसतो, तो कळवणच्या आजीचा.

पुढे पाऊस सुरू झाला, घाम थांबला, काम सुरळीत चाललं. त्यानंतर कोणी "एकाच कुशीवर" वगैरे काढलं की तुमची आई उठून आत जात नसे. "मानेचा स्नायू आखडला होता," असं ती सांगे, आणि चहा घेत बसे. सप्टेंबरात शेवटचं मोजमाप झालं. डॉक्टरबाईंनी आधीचं आणि आताचं चित्र एकावर एक ठेवून दाखवलं. मागचा सपाट भाग भरून आला होता. कानांमध्ये थोडा फरक उरला होता, आणि तो राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कोणाचंच डोकं अगदी सारखं नसतं, असंही म्हणाल्या. दिवाळीत बाबा आला, आपण सगळे गडावर गेलो, मामाच्या मांडीवर बसून तू शेंडी दिलीस आणि रुमालातले केसही. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही सगळे विमानात बसलात.

तर धाकट्या, चष्म्याच्या बाईंनी पाहिलं ते खरं आहे. चष्म्याची काडी वाकवून घे आणि खेळायला जा. हेल्मेट माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, आतला फोम पिवळा पडला आहे आणि ताईने चिकटवलेल्या चांदण्यांपैकी एक अजून आहे. तुझा उजवा कान डाव्यापेक्षा थोडा पुढे आहे, एवढंच.