हसू नका, आजी

"हसू नका, आजी. हा लग्नातला फोटो नाही."

असे फोटो काढणारा साहेब म्हणाला आणि त्याच्याबरोबर आलेले सगळे हसले.

आजी म्हणजे माझी आई. ती समाजमंदिराच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. छातीशी पांढरी पाटी. पाटीवर तिचे नाव, वाडीचे नाव आणि एक आकडा. अंगावर अंजिरी लुगडे. ते ती फक्त लग्नाकार्याला काढते. आदल्या दिवशी पोलीस पाटील निरोप देऊन गेले होते, उद्या शेजारच्या मनोरंजन पार्कचे साहेब येणार, सगळ्यांचे फोटो काढणार. कशासाठी, ते सांगितले नव्हते. वाडीने आपल्या परीने अर्थ लावला. फोटो म्हणजे ओळखपत्र, ओळखपत्र म्हणजे काम. झाडलोटीचे, बागेचे, कसलेही. त्या पार्कात आजवर वाडीतल्या एकालाही काम मिळालेले नव्हते. म्हणून माणसे आंघोळी करून, केसांना तेल लावून, ठेवणीतले कपडे घालून आली होती. शेजारच्या आबांनी टोपीला नीळ दिली होती.

"हसू नगं?" आईने विचारले. "मंग फोटू कशाचा म्हनायचा?"

"सरळ बघा. हां. आता डावीकडे वळा."

आई गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिले. "कुनीकडं बघू गं?"

समोरून एक फोटो, बाजूने एक. छातीशी आकड्याची पाटी. असे फोटो कोणाचे काढतात, हे त्या अंगणात मला एकटीला ठाऊक होते. मी एम.ए., बी.एड. आहे. देहूरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते. शब्द माझ्या घशापर्यंत आले होते.

"डावीकडे, आई," मी म्हणाले.

आई वळली. तिच्यानंतर माझा क्रम होता. मीही पाटी धरली. मीही वळले. फरक इतकाच की मी हसले नाही, आणि त्यामुळे माझे काम लवकर झाले.

आम्ही ठाकर. लोणावळ्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. पार्क नंतर आला. त्याची मागची भिंत आमच्या शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. भिंतीपलीकडे उंच पाळणे, लोखंडी रुळांवरून उलट्या फिरणाऱ्या गाड्या. सकाळी दहापासून रात्रीपर्यंत तिथून किंचाळ्या येतात. मजेच्या किंचाळ्या. पहिल्या वर्षी वाडीतली कुत्री भुंकायची. आता तीही मान वर करत नाहीत.

पार्काच्या वाहनतळावर एका पाहुण्या बाईची पर्स ओढून कोणी पळाला, एवढे निमित्त झाले. पळणाऱ्याचे तोंड कोणी पाहिले नव्हते. तरी तो कुठला असणार, हे दुसऱ्या दिवशी ठरलेले होते. फोटो काढले ते फक्त वाडीचे. खाली गावठाणात जमीनदारांची घरे आहेत. त्यांच्या जमिनी पार्कात गेल्या, वाहनतळाचा ठेका त्यांच्याकडे आला, चहाच्या टपऱ्या त्यांच्या, रखवालदार त्यांचे. तिथे कोणाच्या छातीशी पाटी आली नाही. आम्ही ते विचारलेही नाही. आपल्याला वगळले तर प्रश्न पडतो. आपल्याला धरले तर पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे ती.

मी कोणाला काही सांगितले नाही. शाळेतही नाही. शिक्षकखोलीत मी फारसे बोलत नाही. कोठे राहता असे विचारले तर लोणावळ्याकडे म्हणते. वाडी म्हणत नाही. आई मात्र महिनाभर वाट पाहत होती. "कार्ड कधी यायचं गं?" ती विचारायची. मी म्हणायची, "येईल."

मग तो शनिवार आला.

शाळेत पालकसभा होती. निघायला उशीर झाला. फाट्यावर रिक्षातून उतरले तेव्हा दिवस मावळला होता. फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता पार्काच्या भिंतीच्या कडेने जातो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भातखाचरे. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्या उभ्या असतात. आत दारू, मोठ्याने गाणी. सकाळी खाचरात बाटल्यांच्या काचा. लाकूडफाटा घेऊन येणाऱ्या आमच्या बायका त्या दोन दिवशी डोंगराच्या अंगाने लांबचा फेरा घेतात. एकमेकींना त्या कारण सांगत नाहीत. सगळ्याच फेरा घेतात, त्यावरून समजायचे.

त्या दिवशी मी फेरा घेतला नाही. थकले होते.

गाडी मागून आली आणि माझ्या चालीने चालू लागली. आत तिघे. खिडकीबाहेर आलेल्या हाताला पार्कच्या प्रवेशाची निळी कागदी पट्टी होती.

"सोडू का घरी?" एकाने विचारले. स्वच्छ मराठी. माझ्या वर्गातल्या हुशार मुलाची असावी तशी.

मी मान खाली घालून चालत राहिले.

"बोला तरी. इकडच्या बायका लाजत नाहीत म्हणे."

आणि त्या हाताने माझे मनगट धरले. गाडी थांबली नाही. तिच्यासोबत मी धावू लागले, फरफटू लागले. मी ओरडले. आयुष्यात प्रथमच एवढ्या मोठ्याने ओरडले. नेमका त्याच वेळी भिंतीवरून मोठा पाळणा वर आला आणि त्यातली अख्खी रांग किंचाळली. माझे ओरडणे त्यात मिसळून गेले. गाडीतल्यांनाही त्याची गंमत वाटली. त्यांनीही किंचाळून दाखवले. मग हात सुटला. मी खडीवर पडले.

घाबरले की मी वाचते. समोर जे असेल ते. लहानपणापासूनची खोड आहे. समोर गाडीचा नंबर होता. तो वाचला.

जवळची जागा म्हणजे पार्काच्या फाटकावरची सुरक्षा चौकी. गुडघ्यातून रक्त येत होते. चौकीत गावठाणातला एकजण होता. आम्ही गावच्या शाळेत एका वर्गात होतो.

"अगं, काय झालं तुला? पडलीस व्हय?"

मी सांगितले. गाडीचा नंबर सांगितला. फाटकावर कॅमेरा आहे, गाडी त्यात आली असेल, तेवढे पाहा, असे म्हणाले. तो उठला, तेवढ्यात आतल्या खोलीतून सुरक्षा अधिकारी आला. तोच, आईला हसू नका म्हणणारा. त्याने मला ओळखले नाही.

"कुठल्या तुम्ही?"

"वाडीतल्या हैत साहेब," माझा वर्गमित्र म्हणाला. आणि मदत करावी तशा स्वरात त्याने मागच्या भिंतीकडे बोट केले. "ह्या काय, तिसऱ्या वळीत."

भिंतीवर चार हात लांबीचा फ्लेक्स होता. वर लाल अक्षरांत लिहिले होते, "यांच्यावर लक्ष ठेवा." खाली वाडी. ओळीने वाडी. नीळ दिलेल्या टोपीतले आबा. पाटी धरलेली मी. माझ्या शेजारी आई, अंजिरी लुगड्यात. तिला हसू आवरलेले नव्हते.

अधिकाऱ्याने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले. माझ्या गुडघ्याचे रक्त त्याच्या फरशीवर पडत होते आणि तो माझी ओळख पटवत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "गेस्टबद्दल असं काही लिहून घेता येत नाही. आणि अंधारात एकट्या कशाला फिरता? आम्ही सगळ्यांना सांगतोच, हा एरिया सेफ नाही."

"कोणापासून?" मी विचारले.

त्याला ऐकू गेले नसावे. मी हळू बोलते. मी पुन्हा विचारले. "हा भाग कोणापासून सुरक्षित नाही, साहेब?"

त्याचा हात अभावितपणे त्या फ्लेक्सकडे गेला. मग माझे लक्ष आहे हे ध्यानात येताच त्याने तो खाली घेतला.

घरी आईने गुडघ्याला हळद लावली. तिला मी सगळे सांगितले. गाडीचे, चौकीचे, भिंतीचे. ती हळदीची वाटी हातात धरून बसली.

"म्हंजी मी चोर म्हून हसले व्हय?"

मी गुडघ्यावरची हळद बोटाने सारखी केली.

"तुला ठावं व्हतं?"

मी होय म्हणाले. आईने वाटी खाली ठेवली. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "शिकल्याली हायेस तू," आणि उठून आत गेली.

त्या शब्दांनंतर शरम झाकायला मला एकच आधार उरला होता, तो म्हणजे गप्प राहणे. तो मी सोडला. सकाळी पोलीस ठाण्यात गेले. बाकावर बसून तक्रार माझ्या हाताने लिहिली. हवालदार म्हणाले, "बाई, शिक्षिका आहात, गावात चर्चा होईल. 'मनगट धरले' तेवढे वगळा. 'धक्का लागला' लिहा." मी वगळले नाही. मला तिथे दुपारपर्यंत बसवून ठेवले. मी बसले. पोहोच घेऊनच उठले.

चार दिवसांनी माझा वर्गमित्र वाडीत आला. दारात उभा राहून बोलला.

"साहेब म्हंत्यात, तू तक्रार मागं घे. ते लगेच मावशीचा फोटू उतरवत्यात. तुजा बी. गप मिटवून टाक."

"आणि आबांचा?"

"ते मला काय म्हाईत? मी निरोप्या."

आई आतून बाहेर आली. तिला तो फोटो तिथे नको आहे. रोज कोणीतरी आपले हसणे पाहत असेल, या विचाराने ती रात्री कूस बदलत राहते, हे मला माहीत आहे. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"न्हाई," मी म्हणाले. मी त्याच्याशी वाडीच्याच भाषेत बोलले. "सांग त्यांना. तक्रार ऱ्हाईल. फोटू बी उतरावाच लागंल, समद्यांचा. हे त्याच्या बदल्यात न्हाई."

"मंग मावशीचा तवर तितंच ऱ्हाईल," तो म्हणाला आणि गेला.

राहिला आहे. आजही तिथेच आहे. आई आणि मी त्यावर बोलत नाही.

दुसरा अर्ज मी वाडीच्या वतीने लिहिला आहे. आमची छायाचित्रे आमच्या संमतीवाचून, कारण न सांगता घेतली आणि संशयित म्हणून टांगली, असा. सही करायला निम्मी वाडी तयार नाही. कामाची आशा त्यांनी अजून सोडलेली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. सह्या आल्या तितक्यांनिशी उद्या तो अर्ज ठाण्यात देणार आहे. त्यांनी घेतला नाही तर परवा पुन्हा जाईन.

त्यासाठी शाळेत रजा मागितली. कारणाच्या जागी इतकी वर्षे मी "घरगुती काम" लिहीत आले. या वेळी लिहिले, "पोलीस ठाणे. माझ्या वाडीचे काम." मुख्याध्यापिकांनी ते वाचले, चष्मा काढला आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. माझे कान तापले. मी मान खाली घातली नाही.