मंडईच्या दिवशी कुलूप

"सकाळचा नाश्ता पन तेच देतेत? मंग आपल्याले जेवाले बोलावते कोन?"

आईने हा प्रश्न नागपूरला, टूरवाल्यांच्या ऑफिसात विचारला. दिवाळीनंतर व्हिएतनामला जाणाऱ्या सगळ्या कुटुंबांची त्या दिवशी बैठक होती. नागपूरचे लोक चांगले कपडे घालून, पाय पसरून निवांत बसले होते. आम्ही सकाळच्या गाडीने आमगावहून आलो होतो आणि तिघे एकमेकांना चिकटून बसलो होतो. आईचा आवाज मोठा नव्हता, पण खोलीत नेमकी तेव्हाच शांतता होती. मागे कुणीतरी हसलं. मी खाली मान घालून फोनकडे पाहत राहिले.

टूर मॅनेजर मात्र हसला नाही. "काकू, मीच बोलावणार," तो म्हणाला. "ग्रुपवर मेसेज टाकेन, नाही आलात तर दार वाजवेन. तुम्ही फक्त यायचं, बसायचं, जेवायचं. ताटसुद्धा उचलायचं नाही."

"ताट पन नाही?" आईने परत विचारलं.

"नाही."

मग त्याने प्रत्येक कुटुंबातून बोलणारं माणूस कोण, असं विचारलं. बाबांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. "हे आमची. इंग्लिश मीडियमची आहे." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान हलवली. मॅनेजरने काहीतरी विचारलं, त्यालाही मी मान हलवली. आजतागायत मला माहीत नाही, त्याने काय विचारलं होतं.

माझं शिक्षण गोंदियाच्या इंग्रजी शाळेत झालं. तिथे मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या आणि मधल्या सुट्टीत सगळ्या मुली हिंदीत बोलायच्या. घरी आईबाबा आमच्या भागातली झाडीबोली बोलतात, मी उत्तर पुस्तकी मराठीत देते. तीन भाषा येतात म्हणून लोक कौतुक करतात. मला मात्र तिन्हींमध्ये परक्या घरी आल्यासारखं वाटतं, म्हणून मी कमी बोलते. आता मी गोंदियातच एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. रक्त कुणाचं, साखर किती, एवढंच लिहायचं. कुणाशी बोलावं लागत नाही.

बाबांनी गाइड असलेली टूर निवडली, त्याचं कारण मला वाटतं मीच होते. आमगावात त्यांचं बी-बियाण्यांचं, खतांचं दुकान आहे. गिऱ्हाईकांशी ते दिवसभर बोलू शकतात, पण परदेशी विमानतळावर मुलगी तोंड उघडेल याची खात्री त्यांनाही नसावी.

दुकानात येणारे लोक त्यांची थट्टा करायचे. "का हो, तिकडे काय आहे?"

"समुद्र आहे, डोंगर आहेत," बाबा सांगायचे. मग त्यांना राहवायचं नाही. "आन् धान आहे. लय मोठी धानाची शेती."

"अजी, धान पाह्याले विमानानं जाऊन राहिले काय तुमी? माह्या बांधीत या, फुकट दाखवतो!"

आई हे ऐकून खूप हसायची. ती स्वतः काही बोलायची नाही, पण तयारी तिचीच सगळ्यात जास्त चालली होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले. पांढरे, हलके, चालायचे बूट. संध्याकाळी मी गाडीवरून उतरून घरी यायची तेव्हा ती लुगड्यावर ते बूट घालून अंगणात फेऱ्या मारताना दिसायची. मला पाहिलं की थांबायची आणि तुळशीला पाणी घालत असल्यासारखं करायची. मीही न पाहिल्यासारखं करायची. आमच्या घरात कुणी कुणाची चोरी पकडत नाही.

एकदा तिने भाजी चिरताना सहज विचारलं, "तो पोरगा खरंच दार वाजवीन काय?"

"कोणता पोरगा?"

"तो टूरवाला. जेवाले बोलवाले."

मी हो म्हणाले. ती पुन्हा भाजी चिरू लागली. मला तेव्हा कळलं की तिला समुद्र पाहायचा नव्हता, डोंगरही नाही. सकाळी उठून कुणीतरी आपल्याला "चला, जेवायला" म्हणेल, याची ती वाट पाहत होती.

आता मंडईचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दिवसा बाजार, दंडारीची नाचगाणी, पाळणे, रात्री नाटक. लग्न होऊन गेलेल्या मुली त्या दिवशी माहेरी येतात, सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात. घरोघरी उडदाचे वडे, मटण, भात. कोण किती वाजता येईल याला काही धरबंध नसतो, चूल दिवसभर पेटलेली असते. मंडईच्या दिवशी दाराला कुलूप लागतं ते त्या घरी कुणी वारलं असेल तरच.

आमच्या गावची मंडई माझ्या आठवणीत कायम भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असते. म्हणून बाबांनी त्यानंतरची तारीख धरली. मंडई करायची, पाहुण्यांना निरोप द्यायचा आणि मग निघायचं. कागदावर सगळं बरोबर होतं. फक्त यंदा गावाने ठरवलेल्या नाटक कंपनीला त्या रात्री दुसऱ्या गावचं बोलावणं होतं. नाटकाशिवाय मंडई कशी करायची? गावाने बैठक घेतली आणि मंडई चार दिवस पुढे ढकलली. त्या दिवशी आम्ही व्हिएतनाममध्ये, एका बोटीवर असणार होतो.

बाबा बैठकीतून घरी आले आणि पाणी न पिता पलंगावर बसले.

"बाई येईन," ते एवढंच म्हणाले.

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. सडक अर्जुनीला, हायवेला लागून तिचं घर आहे. लग्न झाल्यापासून तिने आमच्या गावची एक मंडई चुकवलेली नाही. दरवर्षी बाबा स्वतः जाऊन तिला बोलावणं करतात, फोनवर ते होत नाही. ती येते, मधल्या खोलीत बसते, आई तिचे पाय धुते आणि ती जाईपर्यंत तिला पेल्याला हात लावू देत नाही.

"तिले सांगू काय, यंदा येऊ नोको म्हणून?" बाबा म्हणाले.

"काही सांगू नोका," आई म्हणाली. "तुमी दोघं जा. मी राह्यते."

"तू नाही तर कोनीच नाही जात."

"पोरीचं काऊन बुडवता? तिले दाखवून आना. मले काय, मी कधीपन जाईन."

तिने ते अगदी सरळ आवाजात सांगितलं आणि ती चुलीकडे वळली. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तेव्हा अंगण रिकामं होतं. पांढरे बूट परत खोक्यात गेले होते आणि खोका कपाटावर, जिथे तिचा हात सहज पोहोचत नाही तिथे.

मी दोन-तीन दिवस काही केलं नाही. आपण मध्ये पडणारी माणसं नाही, असं स्वतःला सांगत राहिले. बाबा बोलावणं करायला जायचं टाळत होते. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मीच म्हणाले, "यंदा आत्याला बोलवायला मी जाते." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीने बोलायला सुरुवात केली.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. खिडकीबाहेर लवकर पिकणारा हलका धान कापून ठेवलेला होता, उशिरा येणारा भारी अजून उभा होता. वाक्यं पुन्हा पुन्हा इंग्रजीतच सुचत होती आणि ती आत्यासमोर काही कामाची नव्हती.

आत्याच्या दारासमोरून ट्रक गेले की तिच्या मांडणीतली भांडी किणकिणतात. तिला त्याची सवय आहे, ती ट्रक गेल्यावर वाक्य पुढे सुरू करते.

"बाप कुठे आहे तुहा? साहेबीनीले पाठवलं यंदा?"

"मंडईचं बोलावणं करायला आले, आत्या."

"बोलावणं करायला आले," तिने माझी नक्कल केली. "टीव्हीवरची बाई बोलून राहिली असं वाटते. बस. काय खाशीन?"

मी बसले. चहा आला. मी म्हणाले, "मंडई पुढे गेली आहे. त्या दिवशी आम्ही घरी नसू."

एक ट्रक गेला.

"मग तुम्ही यायचं. भाऊबीजेला याल तेव्हा राहूनच जायचं. घर तुम्ही उघडं ठेवायचं. पाहुण्यांचं..." इथे माझी वाक्यं संपली. "पाहुण्यांचं तुम्ही करायचं."

आत्याने कप खाली ठेवला. तिचा चेहरा पाहून मला उठून बस पकडावीशी वाटली. माहेरी आलेल्या मुलीला चूल पेटवायला सांगणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. आमच्याकडे कुणी असं सांगत नाही, अगदी गमतीतही नाही.

"मले पाहुनी म्हनून बोलावून राहिली," ती म्हणाली, "का राखनदार म्हनून?"

मी कप उचलून पुन्हा खाली ठेवला.

"तुह्या मायनं पाठवलं?"

"नाही. आईला माहीत नाही. तिनं टूरला जायचं रद्द केलं आहे. तुमच्यासाठी."

"माह्यासाठी कायले? मी काय लहान आहो?"

मग मी तिला नागपूरची गोष्ट सांगितली. जेवायला बोलावतं कोण, हा आईचा प्रश्न, मागे हसलेला माणूस, ताटसुद्धा उचलायचं नाही म्हटल्यावर आईने परत विचारलं ते, बूट, दार वाजवणारा पोरगा. इतकं सलग मी घरातही कधी बोलले नव्हते. शेवटी म्हणाले, "आणि आईच्या माहेरची मंडईसुद्धा दरवर्षी आपल्याच दिवशी असते, आत्या."

हे तिलाही माहीत होतंच. दोन्ही गावं मंडई ठरवून एकाच दिवशी धरतात, यंदाही; मध्ये फक्त एक नाला आहे, पलीकडचे पाळणे आमच्या गच्चीवरून दिसतात. पण माहीत असणं आणि कुणीतरी तोंडाने सांगणं यात फरक पडला असावा. आत्या उठून आत गेली. मला वाटलं आता आतूनच "जा" म्हणेल. ती सुपारी घेऊन बाहेर आली आणि अडकित्त्याने कातरत बसली.

"वैनीले मी जेवताना कधी पाह्यलं नाही," ती म्हणाली. "इतक्या मंडया झाल्या. माह्यं ताट होते, हात धुवाले पानी येते, मंग मी झोपतो म्हनून पडते. ते कधी जेवते, मले नाही माहीत."

आणखी एक ट्रक गेला.

"मी येईन. पन चावी शेजारी नोको ठेवजो. माह्या हातात देजो. आन् तुह्या मायचे डबे मी माह्या हिशोबानं लावीन, मंग बोंबलाचं नाही." तिने अडकित्ता खाली ठेवला. "लग्न झाल्यावर त्या घराची चावी कोनी देल्लीच नाही मले."

घरी सांगितल्यावर आई माझ्यावर इतकी चिडली की तिने मला पूर्ण नावाने हाक मारली. "बाईले काम सांगून आली तू? तोंड कसं दाखवू मी तिले?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबा मात्र संध्याकाळी खुर्चीवर चढले, कपाटावरचा खोका खाली काढला आणि दाराजवळ ठेवून दिला. तो तिथेच पडून होता. जाता-येता आई त्याला वळसा घालायची.

काल भाऊबीज झाली. आत्याने बाबांना ओवाळलं, आणि ताटातल्या ओवाळणीला हात लावायच्या आधी माझ्याकडे हात पुढे केला. मी चावी दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली. आई पाहत होती, तिच्या कपाळावरची आठी तशीच होती.

उद्या सकाळी आम्ही निघतो. हे लिहीत आहे तेव्हा बॅगा दारात उभ्या आहेत आणि पासपोर्ट बाबांच्या खिशात आहेत, ते दर थोड्या वेळाने चाचपून पाहतात. विमानतळावर मला बोलता येईल की नाही, अजून माहीत नाही.

आज दुपारी आई बॅगेत चिवडा कोंबत होती. स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, "वैनी, जेवाले या!"

"तुमी बसा बाई, मी आली वाढाले," आई सवयीने म्हणाली आणि उठलीसुद्धा. ती आत गेली तर तिचंच ताट वाढलेलं होतं, पाट मांडलेला होता आणि आत्या हातात पळी घेऊन उभी होती. आई दारातच थांबली. मग उष्ट्या भांड्यांकडे वळली.

"ताटाले हात लावशीन तर मी बसनं चालली जाईन," आत्या म्हणाली. "बस गपचूप."

आई बसली. पाटावर कसं बसतात ते विसरल्यासारखी, एक पाय बाहेर काढून, कधीही उठता येईल अशी. मी तिच्या शेजारी बसले. आत्या भात वाढत होती, वरण घालत होती, "आनखी घ्या" म्हणत होती. आई जेवू लागली. हळूहळू तिचा बाहेरचा पाय आत आला.

आत्या पाणी आणायला गेली तेव्हा आई माझ्या कानाशी वाकली.

"भाजीत मीठ कमी आहे," ती कुजबुजली, आणि भाजी आणखी मागून घेतली.