चहाआधी छत

मायरवेनने उभ्या आयुष्यात कुणाच्या वस्तूला नावं ठेवली नाहीत, आणि त्यापायी तिचं घर नावं ठेवण्याजोग्या वस्तूंनी भरलं. एका अंगाला कललेलं कपाट मैत्रिणीच्या भावाकडून घेतलेलं. बसलं की कण्हणारा सोफा चॅपलमधल्या ऑर्गनवाल्या बाईंचा. प्रत्येक वेळी तेच व्हायचं. वस्तू बघायला जायचं, घरची बाई किटली चढवायची, तव्यावर भाजलेले बेदाण्यांचे केक पुढे करायची, आणि दोन केक पोटात गेले की मायरवेनच्या तोंडाला कुलूप लागायचं. आमच्या वेल्श खोऱ्यात ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्या मालात खोट काढत नाहीत. ती त्या बाबतीत जरा जास्तच वेल्श होती. भीड ही भिकेची बहीण, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण पदरात पडलं पवित्र झालं, असं म्हणून ती त्या कपाटाखाली लाकडाची चकती सारायची आणि पुढच्या कामाला लागायची.

शाळेच्या भटारखान्यात तिने सगळी नोकरी काढली. नवरा एमलिन बस चालवायचा, खोऱ्याच्या तोंडापासून वरच्या शेवटच्या थांब्यापर्यंत, आणि परत. त्या थांब्यापुढे रस्ता खिंडीतून पलीकडे समुद्राकडे जातो. एमलिनने जन्मभर तिथे बस वळवली. "निवृत्त झालो की वळवायची नाही, सरळ जायचं," असं तो दर नाताळात म्हणायचा. निवृत्त झाला आणि वर्षभरात डोळ्यांनी दगा दिला. समोर ज्याच्याकडे रोखून बघावं तिथेच राखाडी डाग, कडेचं तेवढं दिसे. डाग हळूहळू मोठा होणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. लायसन्स त्याने स्वतःहून परत केलं आणि त्या दिवशी जेवला नाही.

गाडी आता मायरवेन चालवी, काठोकाठ सूप भरलेलं पातेलं न्यावं तशी. त्यांनी ठरवलं, एक जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घ्यायचं. उंच गाडी घराकडच्या रेल्वेच्या कमानीखालून गेली नसती. म्हणून छोटीच हवी होती, छत दाबून बसवलं की मोटारीएवढी आणि मुक्कामाला छत वर उचललं की चारी बाजूंनी कनात उलगडणारी. म्हणजे एमलिनसारख्या ताडमाड माणसाला आत ताठ उभं राहता येईल. पैसे एकाच गाडीपुरते होते. फसलो तर समुद्र राहिलाच.

"आणि पारख कोण करणार?" एमलिनने विचारलं.

"आपण दोघं."

"माझे हात आहेत, नाक आहे. डोळे तुझे. आणि तुझे डोळे, मायरवेन, खोटं बोलतात."

"काय बोलतोस!"

"आभाळ कसं आहे विचारलं की छान. शर्ट कसा दिसतो, छान. गेल्या रविवारी मी छातीवर रश्श्याचा डाग घेऊन चॅपलमध्ये बसलो होतो. ऑर्गनवाल्या बाईने सांगितलं मला! माझे गेले ते गेले. पण उरलेले डोळेही गोड बोलायला लागले, तर मी बघू कशातून?"

मायरवेनला ते फार लागलं. त्याला बरं वाटावं म्हणून ती छान म्हणायची, आणि त्या छानने त्याला आणखीच आंधळं केलं होतं. तिने वचन दिलं. एमलिनने अटही घातली, "आणि छत वर होईपर्यंत चहा नाही!"

गाडी होती नेस्टा नावाच्या विधवेची, डोंगरापलीकडच्या गावात. भुरभुर पाऊस होता. ती दारातच उभी होती, हातात ताटली घेऊन. "या, या, गारठला असाल. गाडी काही पळून जात नाही, आधी घोटभर चहा."

एमलिन म्हणाला, "आमचं नंतर." तेवढ्यात त्याच्या कानावर चावण्याचा आवाज आला. मायरवेनचा एक केक संपून दुसरा सुरू झाला होता.

"गरम होते रे," ती पुटपुटली.

"झालं कल्याण," एमलिन म्हणाला.

गाडी अंगणात उभी होती, सायीच्या रंगाची, दिसायला गोजिरवाणी. एमलिनने पहिल्यांदा बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं. सुरू व्हायची कटकट लपवायला इंजिन आधीच तापवून ठेवलेलं नाही, म्हणजे बाई सरळ आहे. मग त्याने खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दारांखालच्या पत्र्यावरून चालवत नेलं. पत्रा असेल तिथे ते चिकटे. मागच्या चाकाशी ते टपकन खाली पडलं.

"इथे पुट्टी भरलीय, बाई."

"इडवालनेच भरली," नेस्टा म्हणाली. इडवाल म्हणजे तिचा गेलेला नवरा. "गाडी दगडावर घातली होती मेल्याने. आणि दोष मला, की मी बडबडत होते!"

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. आत लॅव्हेंडरचा वास इतका होता की एमलिनला शिंक आली. त्याने खिडक्यांखाली अंगठा दाबून पाहिला, लाकूड कुठे मऊ लागलं नाही. जमिनीवर पाय आपटले, ती घट्ट होती. मग म्हणाला, "आता छत."

नेस्टाचा चेहरा उतरला. "या पावसात कशाला? छताचं काही नाही. इडवाल फार जपायचा."

"राहू दे ना," मायरवेनच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "बाईंना उगीच त्रास."

एमलिन त्या बुटक्या छताखाली मान वाकवून, एक हात वर टेकवून नुसता उभा राहिला. मायरवेनने त्याच्याकडे पाहिलं. जन्मभर सीटवर बसलेला आणि आता इथे वाकून उभा असलेला तिचा नवरा, आणि पोटात दोन केक. तिला स्वतःचा संताप आला.

"नाही," ती म्हणाली. "वर करू या."

खटके सोडून तिघांनी रेटा दिला. छत चिकटून बसलं होतं, मग चर्र करत उचललं आणि कनात उलगडली. लॅव्हेंडरला भेदून कुबट वास खाली आला.

"कसं दिसतंय?" एमलिनने विचारलं.

छान, हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. नेस्टाने तोंडावर हात ठेवला होता.

"काळं," मायरवेन म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटेना. "बुरशीने काळं पडलंय, एमलिन. सगळी कनात कुजलीय. या कोपऱ्याची शिवण गेलीय, माझं बोट आरपार जातंय. नेस्टाबाई, माफ करा हो, तुमचे केक फार सुरेख होते, पण कनात कुजलीय."

नेस्टा मटकन सीटवर बसली. ती रागावेल असं मायरवेनला वाटलं, पण ती रडत होती.

"शेवटच्या सहलीला पाऊस होता. ओलीच घडी घातली. म्हणाला, घरी गेल्यावर वाळवू." ओली कनात कधी घरी गेल्यावर वाळवली जात नाही, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक आहे आणि तरी सगळे तेच करतात. "त्या आठवड्यात तो दवाखान्यात गेला, तो आलाच नाही. मग माझ्याने उघडवेना. कितीतरी लोक येऊन गेले. चहा घेतला, छान आहे म्हणाले, कुणी पुन्हा फोन केला नाही. काय खटकलं ते कुणीतरी सांगायला हवं होतं ना मला!"

मायरवेन तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात धरून राहिली. तिनेही किती जणांना असंच छान म्हणून वाटेला लावलं होतं.

एमलिन मात्र कामात होता. वरची चौकट, सांधे, छताची कड, सगळं बोटांनी चाचपत गेला. "तुमचा नवरा जपायचा खरं," तो म्हणाला. "कनात म्हणजे कपडा. कपडा नवा शिवता येतो. गाडीची हाडं कोरडी आहेत."

नेस्टाने डोळे पुसले आणि नव्या कनातीचे पैसे स्वतःहून किमतीतून वजा केले. नंतर एमलिनने चार केक खाल्ले.

बंदरावर शिडं शिवणाऱ्या माणसाने हिरवी कनात शिवून दिली. वसंतात दोघं निघाली. शेवटच्या थांब्याशी एमलिन म्हणाला, "जरा थांब." काच खाली करून त्याने हवा घेतली. "हं. आता सरळ." आणि मायरवेनने गाडी खिंडीत घातली.

अंधार पडायच्या आत दोघं समुद्राकाठच्या टेकाडावर पोचली. सकाळी एमलिन उठला, छताखाली ताठ उभा राहिला, हात वर करून आळस दिला आणि कनातीच्या खिडकीची चेन उघडली.

"मायरवेन, कसं दिसतंय?"

ती त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने नीट, निरखून पाहिलं.

"काही दिसत नाही," ती म्हणाली. "नुसतं धुकं. समुद्र राहू दे, मला समोरचं कुंपणसुद्धा दिसत नाही."

एमलिन इतका हसला की गाडी हलली. "म्हणजे आज आपण दोघं बरोबरीत!" त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला. "विरेल ते. विरलं की सांग."

"सांगेन," मायरवेन म्हणाली. "असेल तसं सांगेन." आणि तिने चहा ठेवला.