थोरल्या भावाची कवळी

कवळीवाल्याला त्याच्या थोरल्या भावाने आयुष्यात एकदाही धड बोलू दिलं नव्हतं. थोरले हेडमास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला तरी गल्ली त्यांना हेडसरच म्हणायची, आणि तेही समोरचा माणूस वर्गात उशिरा आल्यासारखंच त्याच्याकडे बघायचे. धाकट्याला दातांच्या कॉलेजात जायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून त्याने दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचं दुकान टाकलं; गल्लीतले लोक तर माप द्यायला थेट त्याच्याकडेच यायचे. यात लाजण्यासारखं काही नाही, पण हेडसरांना एवढं भांडवल जन्मभर पुरलं. लग्न असो की मयत, चार माणसं दिसली की धाकट्याच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणायचे, "हे आमचे डॉक्टर. होता होता राहिले." धाकट्याच्या स्वतःच्या लग्नातही म्हणाले. नवरी हसली. ते हसणं कवळीवाला अजून विसरला नव्हता, आणि तीही अजून थांबली नव्हती.

वर दातांची मिजास. सत्तरी उलटली तरी हेडसर हसले की समोरच्याचे डोळे दिपायचे. "बत्तीसच्या बत्तीस आहेत," ते म्हणायचे. "जिभेवर कधी खोटं आलं नाही, म्हणून दात खरे राहिले."

कवळीवाला खाली मान घालून ऐकायचा. ते बत्तीस नव्हते, अठ्ठावीस होते, आणि सगळे त्यानेच बसवलेले होते. एका टळटळीत दुपारी, गल्ली झोपलेली असताना, हेडसर मागच्या दाराने येऊन माप देऊन गेले होते. जाताना आईची शपथ घालून गेले होते. "तुझ्या तोंडून हे बाहेर पडलं तर मला भाऊ नाही."

कवळीवाल्याच्या दुकानात भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. ज्याची म्हणून कवळी केली त्याचा साचा त्याने ठेवून दिलेला. विद्यापीठाच्या कलादालनातल्या बाई दाढेच्या कामासाठी आल्या आणि ते बघून दाढ विसरल्या.

"हा अख्ख्या वस्तीचा वारसा आहे," त्या म्हणाल्या.

"असेल. मी पसारा म्हणत होतो."

"मी भंगारवाल्याला विचारलं होतं," आतून बायको म्हणाली. "त्यानेही नको म्हटलं."

बाईंना प्रदर्शन भरवायचं होतं. नावही लगेच सुचलं: तोंडओळख. कुणाचं नाव लावायचं नाही, पण जबडा कुणाचा ते एका ओळीत हवं. "माणूस कळला पाहिजे, बस."

त्या दिवशी जेवताना कवळीवाला एकटाच हसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं. "कुणाचा दात पडला?"

"पडेल आता."

शपथ तोंडाची होती. पाटीची कुठे होती? त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: "निवृत्त हेडमास्तर. वरचा आणि खालचा जबडा. एकही दात शिल्लक नाही." गल्लीत निवृत्त हेडमास्तर एकच. मग त्याच झोकात बाकीच्याही पाट्या लिहून टाकल्या. "कोपऱ्यावरची शिंपीण. पुढचे चार खोटे." "बँकेतला कॅशियर. लग्न ठरायच्या आधी सगळे बदलून घेतले." हाताने केसाएवढी चूक न करणारा माणूस, पण डोक्यात भाऊ शिरला की त्याला दुसरं दिसायचं बंद होई. त्याच्या लेखी कलादालनात एकच जबडा चालला होता. बाकीचे वऱ्हाड.

उद्घाटनाला गल्ली इस्त्रीचे कपडे घालून गेली. पांढऱ्या भिंती, काचेच्या पेट्या, प्रत्येक जबड्याखाली दिवा. कुणीतरी मोठा अधिकारी ओळख, वारसा, समाज या तीन शब्दांना आलटून पालटून पुढे करत बोलला. टाळ्या झाल्या. मग लोक पाट्या वाचायला लागले, आणि दालनातली तोंडं एकेक करून मिटत गेली. शिंपिणीने तोंडावर रुमाल धरला. कॅशियरच्या बायकोने पाटी वाचली, परत वाचली आणि नवऱ्याकडे वळली.

"तोंड उघडा."

"इथे?"

"इथेच."

यातलं काही कवळीवाल्याच्या लक्षात आलं नाही. त्याचे डोळे शेवटच्या पेटीवर होते. हेडसर तिथे पोचले, त्यांनी चष्मा चढवला, वाचलं. गल्लीनेही वाचलं. आपल्यावरून नजर हटतेय म्हणताना सगळ्यांना हायसं वाटलं आणि सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. कवळीवाल्याने नव्या शर्टाची कॉलर ताठ केली.

हेडसरांनी मान वळवून धाकट्याला एकदा नीट पाहून घेतलं. मग दोन बोटं तोंडात घालून वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही पेटीच्या काचेवर ठेवल्या. हवा गेलेल्या चेंडूसारखा चेहरा आत बसला. त्या बोळक्या तोंडाने ते काहीतरी बोलले, कुणाला कळलं नाही, पण हशा पिकला. हशा विरायच्या आत त्यांनी कवळी परत बसवली. वर्ग कसा हातात घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"हे दात माझ्या धाकट्याने केलेत," ते म्हणाले. "आयुष्यात त्याच्या हातून तडीस गेलेलं हे एकच काम. म्हणून लपवून ठेवलं होतं. म्हटलं, दृष्ट लागेल."

लोक पोट धरून हसले. बाईंचे डोळे पाणावले. "मला हेच हवं होतं," त्या सारख्या म्हणत होत्या. फोटोवाल्याने हेडसरांना पुन्हा एकदा दात काढायला लावले.

"पण काय रे," हेडसर हळूच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू, "मी भाऊ आहे, मी सोसेन. या बाकीच्यांना विचारलं होतंस ना?"

तेव्हा कुठे गल्लीला आठवलं की आपण कुणावर चिडायचं आहे.

"माझ्या तोंडात हात घातलास तो यासाठी?" शिंपीण म्हणाली. कॅशियर घरीही बोलेनासा झाला, कारण बोलायला तोंड उघडावं लागतं. डॉक्टरांनी कामं पाठवायची बंद केली. पेशंटचा जबडा उद्या भिंतीवर लागणार असेल तर कोण पाठवेल? दुकानात प्लास्टरची पोती दगड होऊन गेली.

"डॉक्टर होता होता राहिलात," बायको म्हणाली. "आता कवळीवालेही राहिला नाहीत."

हेडसरांचा मात्र दर शनिवारी कलादालनात कार्यक्रम सुरू झाला. बाई विद्यार्थी गोळा करायच्या. हेडसर दात काढायचे, बसवायचे, घरच्या गोष्टी सांगायचे. "आमचे डॉक्टर" ही गोष्ट पोरं पुन्हा सांगायला लावायची.

या काढघालीने कवळी सैल झाली. हेडसर भर सकाळी पुढच्या दाराने दुकानात आले आणि खुर्चीत बसले.

"नवं माप घे. बोलता बोलता निसटली तर शोभा व्हायची."

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कवळीवाल्याने पत्र्याच्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला, भावाच्या तोंडात सारला आणि टाळूला दाबून धरला. लगदा घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. जन्मात पहिल्यांदा हे तोंड त्याच्या हाताने बंद होतं, आणि तो बोलायला लागला.

लग्नातलं सांगितलं. नवरीचं हसणं सांगितलं. तुझी फजिती बघायला मी उद्घाटनाला नवा शर्ट शिवून घेतला होता, म्हणाला. लगदा केव्हाच घट्ट झाला होता, पण त्याने हात काढला नाही. "आणि आई गेली तेव्हा तू गावाला होतास. तुझंच नाव घेत गेली, असं मी तुला सांगितलं. खोटं होतं ते. मी म्हटलं, दादाला बोलावू का? तर म्हणाली, नको, तो आला की मला बोलू देत नाही."

हेडसर हालले नाहीत. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. डोळ्यांतही पाणी होतं, पण माप घेताना ते कुणाच्याही डोळ्यांत येतं.

शेवटी त्याने ट्रे ओढून काढला. हेडसरांनी चूळ भरली, तोंड पुसलं, जुनी कवळी बसवली.

"छान बोललास," ते म्हणाले. "तुला इतकं बोलता येतं हे माहीत नव्हतं. शनिवारी सांगतो हे सगळं. आईचं शेवटी ठेवीन, बाई रडतील." ते उठले, शर्ट झटकला. "कधी देतोस?"

"शुक्रवारी," कवळीवाला म्हणाला.