मधला गोल

मामांच्या शोकसभेला दौंडात एवढी माणसं बघून मला भरून वगैरे आलं नाही. रागच आला. यातली निम्मी मामा जिवंत असताना मैदानाकडं फिरकलीसुद्धा नव्हती.

मामा आमच्या फुटबॉल क्लबचे जुने सेंटर हाफ, नंतर जन्मभर मॅनेजर. मॅनेजर म्हणजे कोट घालून कडेला उभा राहणारा नव्हे. फाटके बूट मोच्याकडं नेणं, कारखान्यात पाळीला अडकलेल्या गोलकीपरला पाटसहून मोटरसायकलवर उचलून आणणं, सगळं तेच. मॅचच्या सकाळी फक्कीसुद्धा तेच मारायचे. तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात पांढरी भुकटी, आणि डबा हलवत हलवत आखलेल्या रेषा. सुरुवात कायम मधल्या गोलापासून. रेषेवर कुणी पाय दिला की तो त्या दिवशी बाहेर. मी लेफ्ट बॅक, पण एकदा फायनलला मलाच बाहेर बसवलं. लेफ्ट बॅकशिवाय खेळवली मॅच, पण शब्द मागं घेतला नाही. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.

पुढं आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या डोक्यात आलं, की मैदानाच्या मधोमध क्रिकेटसाठी सिमेंटची पिच टाकायची. सिमेंटवर पडून गुडघे फोडून घ्यायला फुटबॉलवाल्यांना कुणी आमंत्रण दिलं होतं? मामांनी अर्ज केले, उंबरे झिजवले, पिच थांबवली. मग आजारपण आलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. मामी उशाशी बसल्या होत्या.

"मधी सिमेंट पडू दिऊ नगो," मामा म्हणाले. "मी गेल्यावर माणसं जमतील. तवा बोल. जित्या माणसासाठी कोण जमतंय?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो. मामींनी ऐकलं.

सभेत आमची खरी माणसं मागं उभी होती. विटलेल्या जर्सी घातलेली, पन्नाशी-साठी ओलांडलेली; दर मॅचला ताशा वाजवणारे आप्पा तर लहान पोरासारखे रडत होते. खुर्च्यांवर बसले होते ते ज्यांना ऑफसाइड कशाशी खातात हेही ठाऊक नाही. दोन मिनिटं मौन झालं. तेवढ्यात ते पिचवाले पुढारी आले. मग त्यांच्यासाठी सगळे पुन्हा उठले आणि पुन्हा दोन मिनिटं मौन. मेला एकच माणूस, पण आमच्याकडं उशिरा येणाऱ्याचा मान मेलेल्यापेक्षा मोठा.

खाली बसताना पुढाऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "तुमच्या पोराचं शिक्रापूरच्या कंपनीत पर्मनंटचं बगतोय मी. काळजी करू नका."

त्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं. मी माईकपाशी गेलो. मामा शिस्तीचे होते म्हणालो. मामा देवमाणूस होते म्हणालो. पिचचा 'प' तोंडातून निघाला नाही. भ्याडासारखा खाली येऊन बसलो.

मग पुढारी उठले. मामांचं नाव अमर राहिलं पाहिजे, म्हणून याच मैदानावर दर वर्षी मामांच्या नावानं क्रिकेटची स्पर्धा होईल, आणि पिचचं काम याच महिन्यात सुरू होईल, असं त्यांनी जाहीर केलं. ज्या गोष्टीशी माणूस मरेपर्यंत भांडला, तिलाच त्याचं नाव! टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं आप्पांनी हात खिशात घातले. मी वाजवल्या. हात आपोआप उठले म्हणणं खोटं होईल. पुढारी माझ्याकडं बघत होते, म्हणून वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी मी मामींकडं फक्कीचा डबा मागायला गेलो. आठवण म्हणून ठेवावा म्हटलं. मामी भांडी घासत होत्या. उठल्या नाहीत.

"टाळ्या तू बी वाजवल्यास. मी बगितलं."

"व्हय, मामी."

"मग डबा कशाला पायजे? फक्की मधल्या गोलापासनं मारत्यात. तो ऱ्हाईला, तर ये न्यायला. न्हाईतर या दारात पाय ठिवू नगो."

डबा त्यांच्या मागच्या फळीवर दिसत होता. मी हात न लावता बाहेर पडलो आणि येताना मैदानावरून आलो. मधोमध चार लोखंडी खुंट्या ठोकून दोरी ताणलेली होती. शेजारी खडी पडली होती. आसपास कुणी नव्हतं. खुंट्या उपटायला एका माणसाची ताकद पुरे होती.

त्याला आठवडा झाला. खुंट्या अजून तिथंच आहेत आणि मी घरात बसून हे लिहितोय.