टिटवी का ओरडते?

आज सकाळी निफाडजवळ कॅमेरा घेऊन एकटीच फिरत होते. द्राक्षबागा संपल्या की एक खडकाळ माळ लागतो. मार्च लागलाय, पण सकाळी हवेत अजून गारवा होता.

माळावर पाऊल टाकलं आणि एक टिटवी अशी काही ओरडत अंगावर आली, की मी जागीच थांबले. दगडगोट्यांत तिची अंडी असणार! आल्या पावली मागे फिरले, बांधावर बसले आणि लांबूनच तिचे फोटो काढले.

तेवढ्यात बागेकडे निघालेल्या एका काकांनी बाइक थांबवली.

"ताई, एकट्याच का? सोबत कोणी नाय?"

"नाही."

"बाईमाणसानं असं एकटं फिरू नाय. आन् फोटो काढायला टिटवीच सापडली का? लय अपशकुनी पाखरू हाय ते. ओरडलं की काहीतरी वाईट होतं."

"उलटं आहे, काका. काहीतरी वाईट होणार असं दिसलं, की ती ओरडते. आत्ता माझाच पाय पडला असता तिच्या अंड्यांवर."

"तुमच्याशी कोण बोलणार!" म्हणत काका गेले.

लहानपणी जरा आवाज चढवला की घरात ऐकावं लागायचं, "टिटवीसारखी ओरडू नकोस." आज घरी येऊन आधी तिचा चोच उघडलेला फोटो डीपीला लावला. कुणाला अपशकुन वाटत असेल तर खुशाल अनफ्रेंड करा. पुढच्या रविवारीही मी एकटीच जाणार आहे.

मैत्रिणींनो, तुम्हालाही कधी कुणी टिटवी म्हटलंय? तेव्हा तुम्ही काय वाचवत होतात?